उत्तरपत्रिका कोणाच्या हाती? : इंग्रजीचा शिक्षक, त्याचे प्रशिक्षण आणि मूल्यमापन (१८५७–२०२०)

प्रास्ताविक

भारतातील इंग्रजी अध्यापनाचा इतिहास बहुधा अध्यापनपद्धतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, संरचना पद्धती आणि संप्रेषणात्मक पद्धती अशा पायऱ्या मांडल्या जातात आणि प्रत्येक पायरीवर शिक्षकाला नव्याने काय शिकविले गेले याची नोंद होते. या मांडणीत परीक्षकाला मात्र सहसा स्थान मिळत नाही. वस्तुतः वर्गात काय शिकविले जाईल हे पद्धतीपेक्षा परीक्षेने अधिक ठरविले, ही गोष्ट कोणत्याही अनुभवी शिक्षकास ठाऊक असते. म्हणून शिक्षकाला शिकवावे कसे याचे प्रशिक्षण देणाऱ्या व्यवस्थेने त्याला पारखावे कसे याचे प्रशिक्षण कधी, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या हेतूने दिले, हा प्रश्न ऐतिहासिक दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला असून त्यात मुंबई प्रांत व पुढील काळातील महाराष्ट्र यांचे संदर्भ विशेषत्वाने आले आहेत.

विद्यापीठाची परीक्षा, शाळेचा शिक्षक

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यासमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. अध्यापन महाविद्यालयांनी व शाळांनी करावे आणि पारख विद्यापीठाने करावी, ही विभागणी अशा रीतीने आरंभापासूनच आपल्या व्यवस्थेच्या पायात घातली गेली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, १८५९ साली झाली. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या जेमतेम वीस-बावीस विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. प्रश्नपत्रिका काढणे आणि उत्तरपत्रिका तपासणे ही विद्यापीठाने नेमलेल्या परीक्षकांची कामे होती. ज्याने त्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविले त्याच्या मताला या निर्णयात स्थान नव्हते.

याच्या जोडीला अनुदानाची व्यवस्था होती. मुंबई व मद्रास इलाख्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि तिच्यावर शाळेच्या पैशाचा हिशेब ठरे. १८८२ च्या हंटर आयोगाने महाविद्यालयांच्या बाबतीत ही पद्धत नको म्हटले, प्राथमिक शाळांच्या बाबतीत मात्र तिचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मागे पडली. तथापि परीक्षा हा शिक्षकावरील पहारा आहे, ही भावना तिच्याबरोबर गेली असे म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय वृत्तीच्या शाळाही या मापापासून अलिप्त राहू शकल्या नाहीत. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्या शाळेचा लौकिक अल्पावधीत वाढला तो मॅट्रिकच्या निकालांमुळे आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्यांमुळे. सरकारी शिक्षणावर टीका करणाऱ्यांनाही आपले यश सरकारमान्य विद्यापीठाच्या परीक्षेतच सिद्ध करावे लागले, यात त्यांचा दोष नव्हता. दुसरे माप उपलब्धच नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरोघरी गेल्या त्याही याच काळात. भाषांतर हा शिकण्याचा मार्ग होता आणि परीक्षेत उतरणारा प्रकारही होता, म्हणून तो इतका टिकला.

शिक्षक-प्रशिक्षणाची माध्यमिक स्तरावरील सोय उशिरा झाली. मुंबईचे माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ साली सुरू झाले. पाठाची तयारी, प्रश्न विचारण्याची रीत, फळ्याचा वापर हे विषय अशा महाविद्यालयांच्या कक्षेत येत. सार्वजनिक परीक्षा त्यांच्या कक्षेबाहेर होती. १९१७–१९ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने मॅट्रिक व इंटरमीजिएटचा भार विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावा अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. परीक्षा आली ती याच दिशेने. परीक्षेचा मालक बदलला, पण शिक्षकाचे स्थान होते तेथेच राहिले.

परीक्षकाची परीक्षा

परीक्षक किती विश्वासार्ह असतो, हा प्रश्न ज्यांनी संख्येच्या आधारे विचारला त्यांपैकी एकाचा बंगालशी निकटचा संबंध होता, हे लक्षणीय आहे. फिलिप हार्टॉग हे कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य होते आणि नंतर १९२० ते १९२५ या काळात ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांच्या विश्वसनीयतेचा अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मूळ परीक्षेत समान गुण मिळालेल्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि काही काळाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. एकूण २१० निवाड्यांपैकी ९२ निवाडे दुसऱ्या वेळी बदलले. नापास, पास व विशेष योग्यता या श्रेणींतच फरक पडला होता. निबंधवजा उत्तराला गुण देणारा माणूस इतरांशी तर नाहीच, स्वतःशीही सहमत नसतो, असा याचा अर्थ. हा प्रयोग इतिहासाच्या उत्तरपत्रिकांवर झालेला असला तरी इंग्रजी निबंध तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला तो परका वाटणार नाही.

त्याच ढाक्यात मायकेल वेस्ट यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली होती. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्वैभाषिकतेवरील ग्रंथात त्यांनी बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजीची खरी गरज वाचनासाठी आहे असे प्रतिपादन केले आणि वाचनाचा वेग व आकलन मोजण्यासाठी चाचण्यांचा उपयोग केला. वेस्ट हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे होते, म्हणून या प्रयत्नाचे मोल अधिक. गरज काय हे आधी ठरवून मग ती मोजण्याची चाचणी तयार करणे, हा क्रम त्यांच्या कामात दिसतो. पुढील कित्येक दशके आपल्याकडे तो उलटा राहिला.

१९५८ : दोन प्रवाह

स्वातंत्र्यानंतर परीक्षासुधारणेची निकड सर्वमान्य झाली. १९४८–४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची असेल असा अभिप्राय दिला. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या कमी करणे, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा समावेश, शाळेतील प्रगतीच्या नोंदींना महत्त्व आणि अंकांऐवजी श्रेणी अशा शिफारशी केल्या. या शिफारशींतील शाळेतील नोंदी हा भाग शिक्षकाच्या हाती काही देणारा होता. प्रत्यक्षात प्राधान्य मिळाले ते प्रश्नपत्रिकेच्या सुधारणेला.

शिकागो विद्यापीठातील परीक्षाविभागाचे प्रमुख बेंजामिन ब्लूम १९५७–५८ च्या सुमारास भारतात आले. त्यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेले होते. देशात ठिकठिकाणी कार्यशाळा झाल्या, १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला आणि काही अधिकारी शिकागोला प्रशिक्षणासाठी गेले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे काम पुढे चालविले.

त्याच १९५८ या वर्षी हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तत्पूर्वी १९५६ मध्ये अलाहाबाद येथे अशी एक संस्था निघाली होती. बंगळूरची प्रादेशिक संस्था १९६३ ची. हैदराबादच्या संस्थेच्या आरंभीच्या जडणघडणीत विनायक कृष्ण गोकाक यांचा संचालक म्हणून मोठा वाटा होता. पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन व कोल्हापूरचे राजाराम या महाविद्यालयांत काम केलेले गोकाक महाराष्ट्रातील इंग्रजीच्या प्राध्यापकांना परके नव्हते. या संस्थांतून ध्वनिशास्त्र, संरचनांचा क्रम, पाठाची रचना यांचे प्रशिक्षण दिले गेले. मद्रास राज्यात तर सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. थोड्यांना शिकवावे, त्यांनी आणखी थोड्यांना शिकवावे, अशा तिच्या रीतीमुळे घरंगळत मोठ्या होणाऱ्या बर्फाच्या गोळ्याची उपमा तिला मिळाली.

एकाच वर्षी निघालेले हे दोन प्रवाह एकमेकांत फारसे मिसळले नाहीत. एकाने प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना घडविले आणि दुसऱ्याने वर्गात शिकविणाऱ्यांना. शिक्षकाला संरचना शिकविण्याचे कौशल्य मिळाले. मुलाला ती आली की नाही हे कसे ओळखावे, याचे उत्तर मात्र दुसऱ्या कार्यालयात होते.

महाराष्ट्रातील बी.एड. महाविद्यालयांत ब्लूम यांचा विचार पोहोचला तो संविधान तक्त्याच्या रूपाने. ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य या चार उद्दिष्टांना किती टक्के भार, कोणत्या घटकाला किती गुण, निबंधवजा, लघुत्तरी व वस्तुनिष्ठ प्रश्न किती, हे चौकटींत भरणे छात्राध्यापकांच्या अनेक पिढ्यांनी केले आहे. चौकटींची बेरीज जुळविण्यात गेलेल्या रात्री पुष्कळांना आठवत असतील. तक्ता निरुपयोगी होता असे मुळीच नाही. एकाच धड्यावर सगळी प्रश्नपत्रिका बेतण्याची सवय त्याने मोडली. परंतु इतिहास किंवा विज्ञान यांसारख्या विषयांसाठी सोयीचे असलेले हे साचे भाषेला जसेच्या तसे लावल्याने एक विचित्र अवस्था निर्माण झाली. विज्ञानाच्या तक्त्यात कौशल्य म्हणजे आकृती काढणे, भूगोलात नकाशा भरणे. इंग्रजीत तर ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे ही कौशल्येच विषयाचा गाभा होत. तेथे कौशल्याला दहा-वीस टक्के भार देऊन उरलेला ज्ञान व आकलन यांना वाटणे, म्हणजे भाषेला माहितीचा विषय ठरविणे होय. परिणामी पाठ्यपुस्तकातील धड्याचा आशय आठवणे हे इंग्रजीचे ज्ञान ठरले आणि गाइडातील उत्तर पाठ करणारा विद्यार्थी तक्त्याच्या दृष्टीने निर्दोष ठरला. वस्तुनिष्ठ प्रश्नांनी विश्वसनीयता वाढविली हे खरे. हार्टॉग यांचा आक्षेप त्यांनी दूर केला. पण गाळलेली जागा भरता येणाऱ्याला पत्र लिहिता येते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न तसाच राहिला.

बंगळूरचा वर्ग

या इतिहासातील सर्वांत बोधक प्रसंग परीक्षा मंडळाच्या कचेरीबाहेर घडला. बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या व ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रकल्प राबविला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरविणे अशी विचाराला चालना देणारी कार्ये द्यावयाची आणि त्यांच्या ओघात भाषा आत्मसात होऊ द्यावयाची, अशी ही कल्पना. जगभर तिची चर्चा झाली ती अध्यापनपद्धती म्हणून. तिच्यातील मूल्यमापनाची बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहिली.

प्रभूंच्या वर्गात प्रत्येक कार्याच्या शेवटी मुलांनी केलेले काम तपासले जाई. कार्य योग्य होते की नाही, याचा ठोकताळा असा होता : वर्गातील निदान निम्म्या मुलांना कार्याचा निदान निम्मा भाग जमला, तर ते समाधानकारक. त्याहून कमी जमल्यास पुढचे कार्य सोपे करावे. सर्वांना सगळेच जमल्यास ते फारच सोपे होते. या तपासणीचा निकाल मुलाच्या प्रगतिपुस्तकात जाण्याऐवजी शिक्षकाच्या उद्याच्या पाठात जात असे. वर्गातील मूल्यमापन म्हणून पुढे ज्याचा गौरव झाला, त्याचे इतके साधे व व्यवहार्य रूप क्वचितच सापडते. त्यासाठी छापील तक्ता लागत नव्हता. मुलांच्या वह्या वाचून निष्कर्ष काढणारा शिक्षक तेवढा लागत होता.

प्रकल्पाचे बाह्य मूल्यमापन बेरेटा व डेव्हिस यांनी केले. ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढील अडचण मुळातलीच होती. संरचना पद्धतीने शिकलेल्या व कार्यांतून शिकलेल्या मुलांची तुलना कोणत्या चाचणीने करावी? कोणतीही चाचणी एका बाजूला झुकणारच. त्यांनी दोन्ही पद्धतींची एकेक चाचणी घेतली आणि श्रुतलेखन, आकलन यांसारख्या तटस्थ चाचण्याही घेतल्या. प्रत्येक गट आपापल्या पद्धतीच्या चाचणीत सरस ठरला. तटस्थ चाचण्यांचा कौल बऱ्याच अंशी नव्या वर्गांकडे झुकला. जे मोजाल ते शिकविले जाते आणि जे शिकवाल ते मोजले तरच दिसते, हा धडा येथे स्पष्ट होता. मात्र या वर्गांना शिकविणाऱ्यांत प्रशिक्षण संस्थांतील निवडक मंडळींचा भरणा होता. सामान्य शाळेतील साठ मुलांच्या वर्गात हेच घडेल काय, ही शंका त्याही वेळी घेतली गेली आणि ती रास्त होती.

परीक्षा बदलली की अध्यापन बदलते काय?

परीक्षा बदला, अध्यापन आपोआप बदलेल, हा विश्वास या काळात बळावला होता. त्याची कसोटी शेजारच्या श्रीलंकेत लागली. तेथे १९८८ मध्ये शालान्त परीक्षेची इंग्रजीची नवी, उपयोजनावर भर देणारी प्रश्नपत्रिका आली. डायान वॉल व चार्ल्स आल्डरसन यांनी तिचा वर्गांवरील परिणाम अभ्यासला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्षक काय शिकवितात यावर परीक्षेचा परिणाम झाला होता. कसे शिकवितात यावर मात्र तो जवळजवळ झाला नव्हता. परीक्षेमागील विचार पुष्कळ शिक्षकांपर्यंत पोहोचलाच नव्हता आणि वर्गात मूल्यमापन कसे करावे याचे बळ त्यांना मिळाले नव्हते. केवळ प्रश्नपत्रिकेच्या मार्गाने सुधारणा करू पाहणाऱ्यांना हा अभ्यास अडचणीचा वाटावा असाच आहे.

भारतात याच सुमारास केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी-दहावीच्या इंग्रजीसाठी नवा प्रकल्प हाती घेतला. त्यात शिक्षकांनाच पाठ्यसाहित्याच्या लेखनात सहभागी करून घेण्यात आले, त्यांच्यापैकी काहींना इंग्लंडमधील प्लिमथ येथे प्रशिक्षण मिळाले आणि १९९३ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला. १९९३–९७ या काळात हैदराबादच्या संस्थेतील रमा मॅथ्यू यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास झाला. त्यातही शिक्षक संशोधक म्हणून सहभागी होते. शिक्षकाला परीक्षासुधारणेत भागीदार करण्याचा इतका गंभीर प्रयत्न यापूर्वी झालेला दिसत नाही. आर्थर ह्यूज यांचे भाषाशिक्षकांसाठी चाचणीविषयक पुस्तक १९८९ चे, तर ब्लॅक व विल्यम यांचा वर्गातील मूल्यमापनावरील निबंध १९९८ चा. चाचणी हे शिक्षकाचे साधन आहे हा विचार या दशकात जगभर रुजत होता.

नोंदींचे दशक

शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ते पहिली ते आठवीसाठी लागू केले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधनांवर आधारलेले आकारिक मूल्यमापन आणि सत्रान्ती संकलित मूल्यमापन अशी त्याची रचना होती. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनास ७० टक्के भार होता. सातवी-आठवीला तो ४० टक्क्यांवर आला. दीडशे वर्षांत प्रथमच निवाड्याचा एवढा मोठा वाटा वर्गशिक्षकाच्या हाती आला, ही या निर्णयाची ऐतिहासिकता होय.

ज्याच्या हाती तो आला त्याची तयारी कितपत होती? बहुतेकांचे प्रशिक्षण काही दिवसांच्या वर्गांतून, वरून खाली झिरपत झाले. त्यांत कोणता तक्ता केव्हा भरावा यावर भर राहिला. इंग्रजीच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. जे शिक्षक स्वतः इंग्रजी बोलण्यास संकोचत, त्यांनी मुलाच्या इंग्रजी बोलण्याची वर्णनात्मक नोंद करावयाची होती. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या यात आश्चर्य नाही. प्रत्येक मुलापुढे त्यातील एकेक वाक्य उतरविले की काम पूर्ण होई. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. बंगळूरच्या वर्गात नोंद उद्याच्या पाठासाठी होती. येथे ती तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी होती. निकालानुसार अनुदानाच्या काळातील तपासनीस वेगळ्या वेषात पुन्हा शाळेत आला होता. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि राष्ट्रीय चौकटीत अध्ययनासाठी मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आला; परंतु तोपर्यंत सेवेत असलेल्या शिक्षकांना त्याचा उपयोग नव्हता.

वीस गुणांचा प्रश्न

महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांना लेखी ८० व तोंडी-अंतर्गत २० अशी गुणविभागणी होती. शाळा हे वीस गुण सढळ हाताने देतात, हा आक्षेप जुना आणि बऱ्याच अंशी खरा होता. २०१८–१९ मध्ये ते काढून टाकण्यात आले आणि भाषांची लेखी परीक्षा १०० गुणांची झाली. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांशी अकरावीच्या प्रवेशात होणाऱ्या स्पर्धेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्याच वर्षी वीस गुण परत देण्याचा निर्णय झाला.

दोन्ही निर्णयांमागील चर्चा टक्क्यांची होती. शिक्षक गुणांची खैरात करतो म्हणून त्याचा अधिकार काढला गेला आणि निकाल घसरला म्हणून तो परत केला गेला. एका मुलाचे बोलणे दोन शिक्षकांनी ऐकावे, स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फरक का पडला यावर बोलावे, हा गुणदानात एकवाक्यता आणण्याचा साधा उपाय. लेखी उत्तरपत्रिकांसाठी परीक्षक व नियामक यांची व्यवस्था मंडळाकडे पूर्वीपासून होती. तोंडी परीक्षेसाठी तिचा विचार या चर्चेत अभावानेच दिसला. इंग्रजीच्या लेखी परीक्षेत प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली होती, पण बोलण्याची पारख प्रत्येक शाळेच्या भिंतींच्या आतच राहिली.

२०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते, त्यामुळे या वाढीचे सारे श्रेय तोंडी परीक्षेला देता येत नाही. गुणपत्रिकेवर इंग्रजीपुढे एकच आकडा असतो. त्यातील किती गुण विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि किती शिक्षकाच्या सहानुभूतीचे, हे तीवरून कळण्याची सोय नाही.